लिफ्टवाल्यांचं वाक्य

"बाई, तुम्ही आधी खाली बसा," नर्स म्हणाली, "आणि मग हे बघा."

खाली बसा म्हटलं की मुद्दाम उभं राहायचं, ही बाईंची जुनी खोड. त्या उभ्याच राहिल्या. डस्टर टेबलावर ठेवलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि नर्सचा फोन हातात घेतला. सकाळचा वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश होता. नर्स रात्रपाळी उतरून घरी न जाता थेट इकडेच आली होती. तिचे डोळे लाल झाले होते, आणि ते काही नुसत्या जागरणाने नव्हे.

फोनवर जाहिरात होती. ज्या संस्थेत बाई शिकवत होत्या, त्याच संस्थेची. निळा डगला घातलेला एक गुबगुबीत नट पुठ्ठ्याच्या लिफ्टमध्ये अडकला होता. हातात पाना, नाकाला ग्रीस. कपाळावर हात मारून तो म्हणत होता, "माय वाइफ वेटिंग हॉस्पिटल! आय वेटिंग लिफ्ट!" मागे माणसं खदाखदा हसत होती. मग तो धापा टाकत दवाखान्यात पोचला, तर खाट रिकामी, आणि एक आया नवी चादर अंथरते आहे. नटाने डोकं खाजवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. "बेटर लेट दॅन नेव्हर, नो?" पुन्हा हशा. त्याचं प्रत्येक वाक्य खाली मराठीत लिहून येत होतं, म्हणजे कुणाची मजा बुडायला नको. शेवटी मोठ्या अक्षरांत: 'तुमचं इंग्रजीही असंच अडकलंय का? आजच प्रवेश घ्या!'

बाईंनी जाहिरात पुन्हा पाहिली. मग फोन नर्सला परत दिला आणि आता मात्र त्या खाली बसल्या.

"हे आपल्या लिफ्टवाल्यांचं आहे," नर्स म्हणाली. "शब्द न शब्द. चादरसुद्धा सोडली नाही मेल्यांनी."

"दिसतंय मला."

"आपल्या वर्गातलं बाहेर गेलं कसं, बाई?"

बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं. तिथे पंख्याच्या शेजारी कॅमेऱ्याचं एक काळं बोंडूक बसवलेलं होतं.

आता हे लिफ्टवाले कोण आणि त्यांचं काय गेलं, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. बाईंचा स्वतःचा वर्ग होता, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत. वरच्या पातळीचं इंग्रजी, म्हणजे अवघड शब्द आणि वाक्प्रचार. नोकरीला लागलेली, बढतीला अडलेली, मुलाखतीत घाम फुटणारी मोठी माणसं तिथे यायची. बाईंची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. शब्दांच्या याद्या पाठ करणं त्यांच्याकडे बंद. शब्द फळ्यावर लिहायचा, अर्थ सांगायचा आणि म्हणायचं, "आता तुमच्या घरातलं सांगा." ज्याला तो शब्द हवा त्याने आपल्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट त्यात बसवून दाखवायची. खोटं वाक्य असलं तर बाईंना ते वासावरून कळायचं. "हे तुमचं नाही, पुस्तकातलं आहे. खाली बसा." अहो, भलेभले घाबरायचे.

पण शब्द असे पक्के बसायचे की विचारू नका. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, हे नर्स जन्मात विसरणार नव्हती, कारण तिने वाक्य केलं होतं, माझी सासू मला बघून हसते, पण रिलक्टंटली. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे उदार. हॉटेलातला रिसेप्शनवाला म्हणाला होता, आमचा मॅनेजर फार मॅग्नॅनिमस आहे, माझी हक्काची रजा तो मला स्वतःची म्हणून देतो. वर्ग हसून हसून पडायचा. वर्गातलं वर्गात राहायचं. ते कधी कुणाला बजावायला लागलं नाही, कारण ज्याने त्याने आपापलं काहीतरी त्या खोलीत ठेवलेलं होतं.

पुढे बॅटरीवाल्याला खोली हवी झाली. तेव्हा मदतीला धावून आला तो बाईंचाच जुना विद्यार्थी. एकेकाळी अख्खा शब्दकोश घोकून यायचा आणि एकाही शब्दाचं वाक्य करता यायचं नाही, म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं पोपट. पोपट आता चार मजली संस्थेचा डायरेक्टर झाला होता. "बाई, माझ्याकडे या. तुमची तऱ्हा, माझी जागा," तो म्हणाला. बाईंना भरून आलं. आपल्या हातची पोरं मोठी झाली की माणूस आंधळा होतो, त्यात काही नवल नाही. छतावरच्या बोंडकाबद्दल पोपट म्हणाला, "शिकवण्याच्या दर्जासाठी रेकॉर्डिंग करतो. सगळ्याच वर्गांत आहे. इथे सही करा." बाईंनी केली. जगाला शब्दांचे अर्थ सांगणारी बाई, पण सही करताना वाचायचा कंटाळा आला.

लिफ्टवाले जुन्या खोलीपासूनचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी. कंपनी मोठ्या लोकांनी विकत घेतली आणि सुपरवायझर व्हायचं तर चांगलं इंग्रजी हवं असा फतवा निघाला, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा माणूस बाकावर येऊन बसला. उंच, वाकलेला, मितभाषी. त्यांची सगळी वाक्यं यंत्राची असायची. मोटर रिलक्टंट आहे. दोरी मॅग्नॅनिमस आहे, फार वजन सहन करते. बाई म्हणायच्या, "अहो, घरी कुणी माणसं आहेत की सगळी यंत्रंच?" ते नुसते हसायचे.

मग एके दिवशी फळ्यावर 'बेटर लेट दॅन नेव्हर' आलं. कधीच न येण्यापेक्षा उशिरा आलेलं बरं. वाक्यांची नुसती झड लागली. कुणाचं लग्न उशिरा झालेलं, कुणाचा पगार. सगळ्यांत शेवटी लिफ्टवाल्यांनी हात वर केला. उभे राहिले आणि आधी छताकडे पाहिलं.

"ते माझं शिकवणं तपासायला आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर जात नाही काही. बोला तुम्ही."

ते बोलले. इंग्रजीत, एकेक शब्द अंधारातल्या पायरीसारखा चाचपत. म्हणाले, मॅडम, हे वाक्य खरं नाही. एका उंच इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं होती, त्यात एक दमेकरी म्हातारा होता. पाळीवर एकटा मीच. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला की लवकर या, बायकोचं काही खरं नाही. मी गेलो असतो तर आतल्यांना कोण काढणार? काढलं सगळ्यांना. मग धावलो. पोचलो तर खाट रिकामी होती आणि आया नवी चादर अंथरत होती. "सो लेट इज ओन्ली लेट, मॅडम," ते म्हणाले. "नॉट बेटर." आणि खाली बसले.

त्या दिवशी पुढे कुणाला शिकता आलं नाही. वर्ग पांगल्यावर लिफ्टवाले मागे थांबले. फळा पुसता पुसता बाईंकडे पाठ करून मराठीत म्हणाले, "हे घरी ठाऊक नाही, बाई. सासूबाई माझ्याजवळ असतात. मुलगा दुसरीकडे राहतो, लेक त्यांना ही एकच. त्यांना मी सांगितलंय की मी होतो जवळ. हात धरून बसलो होतो."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

"त्या विचारतात, शेवटी काय म्हणाली? मग सांगावं लागतं काहीतरी. म्हणालो, तुमचं नाव घेतलं. आईला थंडी सोसत नाही, तिला जपा, म्हणाली." त्यांनी डस्टर झटकलं. "मराठीत हे कधी तोंडातून निघालं नसतं. इंग्रजीत निघालं. या भाषेत मला कुणी ओळखत नाही ना."

आणि हेच पोपटाने उचलून, नट लावून, हशा लावून, खाली मराठीत लिहून गावभर लावलं होतं.

बाईंनी लिफ्टवाल्यांना फोन लावला. मागे यंत्राची घरघर येत होती.

"पाहिलं मी," ते म्हणाले. "सकाळी कंपनीतल्या पोरांनीच दाखवलं. हसत होती सगळी. मीही हसलो. काय करणार?"

"माझं चुकलं हो," बाई म्हणाल्या. "मीच तुम्हाला बोला म्हटलं."

"ते राहू द्या आता. माझं मला काही नाही, बाई. पण शेजारची सून दुपारी जेवणं उरकली की फोन घेऊन सासूबाईंकडे बसते. दोघी व्हिडिओ बघत बसतात. त्यांच्या नजरेला हे पडलं तर..."

"तुम्ही घरी जा. फोन घेऊ देऊ नका तिला."

"कसा जाऊ? लिफ्टच्या दोऱ्या सोडून ठेवल्यात. अर्धवट टाकून निघालो तर कुणीतरी मरेल खाली."

"मग तुम्ही काम संपवा," बाई म्हणाल्या. "ते मी उतरवते. आज दुपारच्या आत उतरवते."

असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि जिना चढायला लागल्या. नर्स म्हणाली, मीही येते. बाई म्हणाल्या, तू झोप. नर्स म्हणाली, झोप कुठली येतेय आता, आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

पोपटाची केबिन सगळ्यांत वर. काचेची. आत इतकं गार की माणसाला शरमेने घाम फुटायचीही सोय नाही. बाईंना बघून तो उठून उभा राहिला, तेवढं वळण शिल्लक होतं.

"या ना मॅडम! चहा सांगू?"

पूर्वी तो बाई म्हणायचा. चौथ्या मजल्यावर आल्यापासून मॅडम म्हणायला लागला होता.

"चहा गेला चुलीत. ती लिफ्टची जाहिरात उतरव."

"अरे वा, पाहिलीत? मॅडम, काय चाललीय! असा प्रतिसाद आजवर कशाला मिळाला नव्हता. मी तर म्हणत होतो, याचं श्रेय तुम्हाला द्यायला हवं."

"ते त्या माणसाच्या बायकोचं मरण आहे रे."

"पण नाव कुठे घेतलंय आपण? चेहरा कुठे दाखवलाय? नट वेगळा, डगला वेगळा. कुणाला कळणार आहे?"

"त्याला कळलं. त्याच्या कंपनीत पोचलं. आता घरी कळेल."

पोपट खुर्चीत मागे रेलला आणि लाडीगोडीने हसला. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? खरं वाक्य लक्षात राहतं. बघा, राहिलं की नाही लोकांच्या लक्षात?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्या गोष्टीवर उभ्या राहिल्या तीच त्याने उचलून त्यांच्या तोंडावर मारली, आणि वर हसत होता. एक क्षण त्यांना वाटलं, टेबलावरचा तो काचेचा गोळा उचलावा आणि घालावा याच्या टाळक्यात. पण बाईंनी उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, आणि आता वेळही नव्हता.

"खरं वाक्य ज्याचं त्याचं असतं," त्या म्हणाल्या. "तू त्याच्या घरात शिरून चोरलंस."

"चोरलं कसं? रेकॉर्डिंगला तुमची सही आहे, मॅडम."

"सही माझी आहे. बायको त्याची होती."

"हे बघा, भावनिक होऊ नका. एजन्सीशी बोलावं लागेल. पुढच्या आठवड्यात मीटिंग लावतो. तोवर जरा शांत..."

"आत्ता उतरव."

"आत्ता नाही व्हायचं."

"नक्की?"

"नक्की," पोपट म्हणाला, आणि फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला. म्हणजे भेट संपली.

बाई तडक खाली उतरल्या. नर्सला वाटलं, झालं, बाई हरल्या. कसल्या हरतात! प्रवेशाचे दिवस होते. तळमजल्यावर काउंटरपाशी पालकांची आणि उमेदवारांची ही गर्दी. बाईंनी भिंतीकडेची एक खुर्ची ओढली आणि थेट दाराच्या तोंडाशी मांडून तिच्यावर बसकण मारली.

"तुझा फोन दे," नर्सला म्हणाल्या. "आवाज मोठा कर त्याचा."

पहिलं जोडपं आलं ते मुलीला घेऊन. बाईंनी त्यांना हसून नमस्कार केला.

"प्रवेश घ्यायला आलात? अवश्य घ्या. मीच शिकवते इथे. फक्त पैसे भरायच्या आधी हे एवढं बघा."

जाहिरात बघून मुलीचा बाप हसला. "चांगलीय की!"

"चांगली आहे ना? हा माणूस माझ्या वर्गात बसतो. त्याची बायको खरंच अशी गेली. त्याने विश्वासाने वर्गात सांगितलं, आणि या लोकांनी ते चोरून त्याचा तमाशा केला. उद्या तुमची मुलगी वर्गात घरातलं काही बोलली, की तिच्यासाठीही एक नटी आणतील. मग तेव्हाही असंच हसा."

बापाचं हसू जागच्या जागी गोठलं. आईने मुलीचा दंड धरला आणि तिघं आल्या पावली बाहेर पडली.

मग काय, जो येईल त्याला बाईंनी जाहिरात दाखवली. आवाज तर काय, मागच्या बाकावर झोपलेल्याला उठवणारा, आयुष्यभर कमावलेला. काउंटरवरची मुलगी दोनदा येऊन विनवून गेली, "मॅडम, प्लीज, माझी नोकरी जाईल." "तुझी नाही जाणार, माझी जाईल," बाई म्हणाल्या. बँकेतली मुलगी आणि हॉटेलातला रिसेप्शनवाला वर्गासाठी आले होते, त्यांना नर्सने सांगितलं. तेही येऊन बाईंच्या खुर्चीमागे उभे राहिले. रिसेप्शनवाल्याला सवय होती, तो दार उघडून धरायचा आणि अदबीने म्हणायचा, "या साहेब, आधी जाहिरात बघा." एका मुलाच्या आईने भरलेले पैसे परत मागितले. एक गृहस्थ तावातावाने वर गेले आणि त्यांचा आवाज पार खालपर्यंत ऐकू आला. पण पोपट चिकट. तो काही खाली येईना. ऊन कलायला लागलं. बाई सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

अखेर पोपटाने जिन्यावरूनच खाली पहारेकऱ्याला हुकूम सोडला, त्यांना बाहेर काढा. पहारेकरी म्हातारा होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि वरच्या दिशेने तोंड करून म्हणाला, "साहेब, तुम्ही मला जिना धुवायला सांगा. बाईंना उचलायला सांगू नका. मला नाही जमायचं ते."

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. मग पोपट आला. जिन्यावरून उतरतानाच त्याने चेहऱ्यावर हसू चढवलं होतं, पण मान लालबुंद झाली होती.

"मॅडम, आत येऊन बोलू या ना. लोकांसमोर कशाला?"

"का? लोकांसमोर तर तूच नेलंस ते."

"किती नुकसान करताय माहितीये तुम्हाला?"

"माझ्यापुढे हिशोब मांडू नकोस. उतरवतोस की नाही, तेवढं सांग."

पोपटाने आजूबाजूला पाहिलं. पालक बघत होते. दोघांतिघांनी फोन वर धरले होते आणि त्यात आता पोपटच दिसत होता. त्याने खिशातून फोन काढला, पाठ फिरवली, कुणालातरी दबक्या आवाजात दोन-चार शिव्या घातल्या. थोड्या वेळाने नर्स ओरडली, "गेली, बाई! इथून गेली! उघडतच नाही आता!"

"झालं समाधान?" पोपट दात आवळून म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं कशाला सांगतोस, मी आत्ताच निघाले," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची उचलून जिथली तिथे भिंतीला लावून ठेवली आणि पोपटाकडे पाहिलं. "एक वाक्य करून दे रे मला. तुझ्या आयुष्यातलं. कुठलंही."

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

लिफ्टवाल्यांचा फोन लागत नव्हता. पत्ता नर्सला ठाऊक होता. तिला बाईंनी दटावून घरी झोपायला पाठवलं आणि एकट्याच बसने गेल्या. बसमध्ये मनातून त्या खूश होत्या. कशाला खोटं बोला, फार वर्षांनी त्यांना आपण काहीतरी केलं असं वाटत होतं. जाऊन सांगू, उतरवली हो. मग बघू पुढचं, खोली शोधू कुठेतरी.

लिफ्टवाल्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. खाली टॅक्सी उभी होती. बाई तिच्या कडेने जिन्याकडे वळल्या, तर वरून एक तिशीतला माणूस मोठी सुटकेस घेऊन उतरत होता. त्याच्या मागे लिफ्टवाले. अंगावर अजून कामाचा निळा डगला, हात ग्रीसने काळे. त्यांच्या हातात एक घडी केलेली गोधडी होती, ती डागू नये म्हणून त्यांनी मनगटांवर तोलून धरली होती. आणि त्यांच्या पुढे, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होत्या सासूबाई.

"उतरवली हो मी जाहिरात," बाई पुटपुटल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. "दुपारीच पाहिली त्यांनी. शेजारणीने वाचून दाखवली."

"शेजारीण काय करणार? तिला कुठे माहीत होतं," म्हातारी म्हणाली. लहानसर चणीची, पांढऱ्या केसांची. आवाज साधा होता, त्यात राग शोधूनही सापडला नसता. "आधी मीही हसले. माणूस विनोदी होता तो. मग लिफ्ट म्हणाला, दवाखाना म्हणाला, तेव्हा माझं हसू राहिलं. हे आले, तर यांना विचारलं. यांनी सांगितलं मग." ती शेवटच्या पायरीवर थांबली. "तुम्ही त्या इंग्रजीच्या बाई का?"

"हो."

"उशीर झाला त्याचा मला राग नाही. माणसं अडकली होती, काढायला नको? मी असते तर मीच म्हटलं असतं, आधी त्यांना काढा." तिने श्वास घेतला. "पण मी यांना रोज विचारायची, शेवटी काय म्हणाली. आणि हे रोज सांगायचे. कधी कंटाळले नाहीत. म्हणायचे, आई, तिने तुमचं नाव घेतलं, तुम्हाला थंडी सोसत नाही म्हणाली. मी त्याच्यावर तर दिवस काढले हो. ते तिचे शब्द नव्हतेच. आता मी काय धरून बसू?"

सुटकेसवाला माणूस, म्हणजे तिचा मुलगा, टॅक्सीपाशी उभा राहून जमिनीकडे बघत होता. "आई, चल," तो म्हणाला. "थोडे दिवस ये माझ्याकडे. मग बघू."

"थांब रे. एवढं विचारू दे." म्हातारीने बाईंचा हात धरला. तिची बोटं हाडकुळी होती, पण पकड घट्ट. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्यापुढे हे खरं बोलले, म्हणून विचारते. तिथे काही म्हणाले होते का हे? त्या आयेला विचारलं होतं का यांनी, की ती काय म्हणाली? एखादा शब्द तरी?"

बाईंनी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. ते गोधडीकडे बघत होते. हो म्हणायला काय लागणार होतं? एक शब्द बनवायचा, पाणी मागितलं, आई म्हणाली. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या म्हातारीला गोड बोलून एकदा फसवून झालं होतं, आणि तेही जीव लावणाऱ्या माणसाने. आता परक्या बाईने पुन्हा तेच करायचं?

"नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "तसं काही बोलले नाहीत. आया चादर अंथरत होती, एवढंच."

म्हातारीने मान डोलावली. हात सोडला.

ती टॅक्सीत बसली. मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. लिफ्टवाल्यांनी वाकून गोधडी तिच्या शेजारी सीटवर ठेवली, तर तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीतून समोर बघत राहिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

लिफ्टवाले दोन पावलं पुढे झाले, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी वाकले. ग्रीसचे हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

"जरा सांभाळून न्या," ते म्हणाले. "पुढे रस्ता खोदलाय, तिथे हळू घ्या. त्यांच्या कमरेला धक्का सोसत नाही."